मदर तेरेसा (हुसेन यांची चित्रमालिका)

मदर तेरेसा ही भारतीय चित्रकार मकबूल फिदा हुसेन (१७ सप्टेंबर, १९१५ - ९ जून, २०११) यांची एक प्रसिद्ध चित्रमालिका आहे. मूळचे पंढरपूरचे असलेल्या हुसेन यांनी १९८० च्या सुमारास या विषयाला हात घातला आणि पुढे अनेक वर्षे ते त्याकडे पुन्हापुन्हा वळत राहिले. तैलरंग, ॲक्रिलिक, जलरंग, शिळामुद्रण अशा अनेक माध्यमांत ही चित्रे आहेत. सर्वसामान्य घरांपर्यंत आणि छोट्या संग्राहकांपर्यंत ती मुख्यतः स्क्रीनप्रिंटच्या, म्हणजेच सेरिग्राफच्या, रूपाने पोहोचली.

एका मानवतावादी व्यक्तीचा गौरव करणारी ही व्यक्तिचित्रे असली, तरी त्यांत त्या व्यक्तीचा चेहरा नाही. निळ्या काठाची पांढरी साडी, पदराखालील गडद पोकळी, बाळाला किंवा आजारी माणसाला आधार देणारे हात एवढ्याच खुणांवरून पाहणारा मदर तेरेसांना ओळखतो. प्रसिद्ध चेहऱ्याची पुनरावृत्ती करणाऱ्या पाश्चात्त्य पॉप आर्टमधील स्क्रीनप्रिंट व्यक्तिचित्रांशी या मालिकेची तुलना करता येते. माध्यम तेच असले तरी हुसेन यांनी त्याचा उपयोग जवळजवळ उलट हेतूने केला आहे.

पार्श्वभूमी

मदर तेरेसा यांचा जन्म २६ ऑगस्ट, १९१० रोजी स्कोप्ये या शहरात एका अल्बेनियन कुटुंबात झाला. हे शहर आज उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. लोरेटो संघातील भगिनी म्हणून त्या जानेवारी १९२९ मध्ये कोलकात्यास आल्या आणि तेथील एंटाली भागातील सेंट मेरी शाळेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. १९४८ मध्ये कॉन्व्हेंट सोडून त्या शहरातील झोपडवस्त्यांत काम करू लागल्या. त्याच वेळी त्यांनी भगिनींचा परंपरागत झगा टाकून निळ्या काठाची साधी पांढरी सुती साडी स्वीकारली. ७ ऑक्टोबर, १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघास मान्यता मिळाली. १९५२ मध्ये कालीघाट येथे मरणासन्न निराधारांसाठी 'निर्मल हृदय' सुरू झाले. पुढे अनाथ बालके, कुष्ठरुग्ण आणि बेघर यांच्यासाठी संघाची केंद्रे देशभर निघाली. मुंबईत भायखळा येथील 'आशा दान' हे त्यांपैकीच एक होय.

त्यांना १९६२ मध्ये पद्मश्री आणि मॅगसेसे पुरस्कार, १९७९ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक आणि १९८० मध्ये भारतरत्न हे सन्मान मिळाले. नोबेल समारंभातील मेजवानी रद्द करून त्या खर्चाची रक्कम गरिबांसाठी द्यावी, अशी विनंती त्यांनी केली होती व ती मान्य झाली.

या काळात त्यांचा चेहराही जगाच्या परिचयाचा झाला. ब्रिटिश पत्रकार माल्कम मगरिज यांनी १९६९ मध्ये बीबीसीसाठी त्यांच्यावर माहितीपट केला आणि त्यातून त्यांचे नाव पाश्चात्त्य देशांत पोहोचले. १९७५ च्या डिसेंबरात 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या. भारतात रघु राय यांनी १९७० पासून त्यांची छायाचित्रे टिपली. १९८० मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या हयातीतच त्यांच्यावर तिकीट काढले. सुरकुत्यांनी भरलेला तो चेहरा आणि जोडलेले हात वर्तमानपत्रे, दिनदर्शिका व भिंतीवरील तसबिरी यांतून घरोघरी गेले होते. हुसेन यांनी कुंचला उचलला तेव्हा मदर तेरेसा दिसतात कशा, हे लोकांना सांगण्याची गरज उरली नव्हती.

चित्रकार

हुसेन यांचा जन्म पंढरपूर येथील एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते तान्हे असतानाच त्यांची आई वारली. तिचे एकही छायाचित्र कुटुंबाकडे नव्हते, त्यामुळे आई दिसायला कशी होती हे त्यांना कधीच कळू शकले नाही. पुढे वडील कुटुंबासह इंदूरला गेले व हुसेन यांचे बालपण तेथे गेले. आईचा न आठवणारा चेहरा आपल्या चित्रांतील स्त्रियांमागे आहे, असे त्यांनी मुलाखतींमधून वेळोवेळी सांगितले आहे. मदर तेरेसा मालिकेचा अर्थ लावताना अभ्यासक या वैयक्तिक दुःखाचा उल्लेख आवर्जून करतात.

१९३० च्या दशकात हुसेन मुंबईस आले. पोटापाण्यासाठी ते चित्रपटांचे भव्य फलक रंगवीत. पुढे काही काळ त्यांनी लाकडी खेळणी व मुलांच्या खोलीतील फर्निचर यांचे आरेखन केले. फलकांच्या कामातून त्यांच्या हाताला तीन सवयी लागल्या. पहिली म्हणजे मोठा आकार थोडक्या वेळात बांधणे. दुसरी म्हणजे रंग सपाट आणि ठसठशीत ठेवणे. तिसरी म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला एका दृष्टिक्षेपात पात्र ओळखता येईल अशी खूण निवडणे. या तिन्ही सवयी मदर तेरेसा मालिकेत दिसून येतात.

१९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. सूझा, सय्यद हैदर रझा, के. एच. आरा, ह. अं. गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांच्यासह हुसेन या गटात होते. 'जमीन' या चित्रासाठी त्यांना १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' या लघुपटास १९६७ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल पारितोषिक मिळाले. भारत सरकारने त्यांना १९७३ मध्ये पद्मभूषण व १९९१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. १९८६ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली.

हिंदू देवदेवतांच्या त्यांनी काढलेल्या काही चित्रांवरून १९९६ पासून मोठा वाद झाला व त्यांच्यावर अनेक खटले दाखल झाले. २००६ पासून ते भारताबाहेर राहिले. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले. ९ जून, २०११ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

चित्रांचे स्वरूप

मालिकेतील चित्रांची संख्या मोठी असून मांडणी प्रत्येक वेळी बदलते, तरी काही घटक कायम राहतात.

* चेहरा: पदराने वेढलेल्या डोक्याच्या जागी नाक, डोळे, ओठ असे काहीही रंगविलेले नसते. तेथे बहुधा काळी किंवा गडद पोकळी असते. डोके किंचित झुकलेले असते. हा झुकाव आणि पदराची कमान यांवरून नजर कोणाकडे वळली आहे, ते समजते.

* साडी: पांढऱ्या साडीचा निळा काठ हा चित्राचा कणा असतो. तो डोक्यावरून खांद्यावर, तेथून मांडीवर आणि पुढे जमिनीपर्यंत वाहत जातो. आकृतीला शरीर देण्याचे काम छायाप्रकाशापेक्षा हा काठच करतो. प्रत्यक्षातील साडीच्या काठावर तीन निळ्या पट्ट्या असतात व त्यांपैकी एक रुंद असते. हुसेन यांनी त्या काटेकोरपणे मोजून रंगविलेल्या नाहीत. कधी दोन, कधी तीन, तर कधी एकच वळणदार रेघ ते पुरेशी मानतात.

* हात: चेहरा वगळल्यामुळे भावना व्यक्त करण्याची जबाबदारी हातांवर येते. बाळाला कवेत घेणारा, आजाऱ्याच्या डोक्याखाली ठेवलेला किंवा नुसताच उघडा तळवा इतर भागांपेक्षा अधिक लक्ष देऊन रेखाटलेला आढळतो.

* मांडी आणि मूल: अनेक चित्रांत आकृती बसलेली असून तिच्या मांडीवर किंवा कुशीत उघडे मूल असते. काही चित्रांत तिच्या मांडीवर एक प्रौढ पुरुष आडवा पडलेला आहे.

मांडीवरील पुरुषाची ही मांडणी मायकेलअँजेलो या इटालियन शिल्पकाराच्या 'पिएता' या शिल्पाची आठवण करून देते. व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिकात असलेले हे संगमरवरी शिल्प पंधराव्या शतकाच्या अखेरीचे आहे. त्यात मृत येशूला मांडीवर घेतलेली मेरी दाखविली आहे. हुसेन यांनी तीच रचना कोलकात्याच्या फुटपाथवर आणली. त्यांच्या चित्रातील पुरुष कोणी देवपुत्र नसून रस्त्यावर पडलेला अनाम माणूस आहे, आणि त्याला मांडीवर घेणारी त्याची जन्मदात्री नाही.

मालिकेतील एका प्रसिद्ध चित्रात मध्यभागी बसलेली मदर, तिच्या मांडीवर आडवा पुरुष आणि उजवीकडे गुडघे टेकलेली एक स्त्री अशी योजना आहे. ही स्त्री प्रसंग भारतातील आहे हे सूचित करते. सर्व आकृती सपाट असून रंगीत कागद कापून चिकटवल्यासारख्या वाटतात. मदर तेरेसांच्या आयुष्यातील एखादी विशिष्ट घटना येथे कथन केलेली नाही. बरे होण्यास कारण ठरणारा स्पर्श, हाच चित्राचा विषय आहे.

काही चित्रांत मदर तेरेसांची आकृती एकाहून अधिक वेळा येते. एकाच चौकटीत दोन-तीन पांढऱ्या साड्या, त्यांच्या मध्ये मुले आणि प्रत्येक पदराखाली तीच पोकळी अशी ही मांडणी असते. यांतील मदर तेरेसा कोणत्या आणि त्यांच्या संघातील भगिनी कोणत्या, हे चित्र सांगत नाही. सर्व भगिनींचा वेश एकच असल्याने त्या प्रश्नाला तेथे फारसे महत्त्वही राहत नाही.

माध्यम: स्क्रीनप्रिंट

स्क्रीन प्रिंटिंग ही कापड व लाकडी चौकट यांवर आधारलेली मुद्रणपद्धती आहे. महाराष्ट्रातील वाचकांना ती लग्नपत्रिका, कापडी फलक, पिशव्या आणि सदरे यांच्या छपाईमुळे परिचित असते. छिद्रांच्या साच्यातून रंग उतरविण्याची कल्पना पूर्व आशियात फार जुनी आहे. रेशमी जाळीच्या आधुनिक पद्धतीचे एकस्व इंग्लंडमधील सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये घेतले. सुरुवातीची अनेक वर्षे ती जाहिराती व पाट्यांसाठीच वापरली जाई. १९३० च्या दशकात अमेरिकेतील चित्रकारांनी ती कलानिर्मितीसाठी हाताळली. व्यापारी छपाईपासून वेगळी ओळख राहावी म्हणून कलात्मक मुद्राचित्रांना 'सेरिग्राफ' हे नाव रूढ झाले. रेशीम या अर्थाचा लॅटिन शब्द आणि लेखन या अर्थाचा ग्रीक शब्द यांच्या जोडणीतून ते तयार झाले आहे.

या पद्धतीत चौकटीवर बारीक विणीची जाळी ताणून बसवितात. पूर्वी ती रेशमाची असे, आता नायलॉन किंवा पॉलिस्टरची असते. जाळीवर प्रकाशसंवेदी द्रव्याचा थर देऊन तो वाळवितात. पारदर्शक फिल्मवर काळ्या रंगात काढलेला आकार तिच्यावर ठेवून प्रखर प्रकाश सोडला जातो. प्रकाश लागलेला थर घट्ट होतो आणि काळ्या आकाराखाली झाकलेला भाग पाण्याने धुऊन निघतो. अशा रीतीने जाळीवर त्या आकाराची मोकळी वाट तयार होते. त्यानंतर जाळीखाली कागद ठेवून वरून शाई ओततात व रबरी पट्टीने ती ओढतात. मोकळ्या भागातून शाई कागदावर उतरते.

प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी लागते. दहा रंगांचे चित्र असेल, तर प्रत्येक कागद दहा वेळा छपाईखाली जातो. आधीचा रंग वाळल्यावरच पुढचा देता येतो आणि प्रत्येक वेळी कागद नेमक्या त्याच जागी बसावा लागतो. एखाद्या रंगाचा मेळ केसभर चुकला, तरी काठाची रेघ पदरावरून सरकते. मूळ चित्रातील रंगांचे पृथक्करण करून किती जाळ्या लागतील हे ठरविणे, हे कुशल मुद्रकाचे काम असते. म्हणून सेरिग्राफ हे चित्रकार व मुद्रक या दोघांच्या सहकार्याचे फळ मानले जाते. छपाई पूर्ण झाल्यावर चित्रकार प्रती तपासून त्यांवर पेन्सिलीने स्वाक्षरी करतो व क्रमांक घालतो. उदाहरणार्थ, '२५/१००' या क्रमांकाचा अर्थ शंभर प्रतींच्या आवृत्तीतील पंचविसावी प्रत असा होतो.

या माध्यमाचे काही गुण हुसेन यांच्या विषयाला विशेष अनुकूल ठरले. सपाट, एकसंध रंगक्षेत्र ही स्क्रीन प्रिंटिंगची स्वाभाविक देणगी आहे. पांढरी साडी, गडद पार्श्वभूमी आणि निळा काठ अशा मोजक्या घटकांचे चित्र त्यात जोर न गमावता उतरते. कागद मोकळा सोडूनही पांढरा रंग साधता येतो, त्यामुळे साडी म्हणजे न छापलेला कागद अशीही योजना शक्य होते. लाकूडठसा किंवा शिळामुद्रण यांत चित्र उलटे उमटते. स्क्रीनप्रिंटमध्ये ते उलटत नाही, त्यामुळे हुसेन यांच्या वेगवान रेषेचे वळण व दिशा कायम राहते.

आवृत्तीमुळे एकाच चित्राच्या अनेक प्रती निघतात आणि प्रत्येकीची किंमत मूळ तैलचित्रापेक्षा पुष्कळ कमी असते. हुसेन यांचे तैलचित्र विकत घेणे ज्यांच्या आवाक्यात नव्हते, अशा मध्यमवर्गीय घरांत व कार्यालयांतही मदर तेरेसांची स्वाक्षरीयुक्त मुद्राचित्रे लागली.

पॉप आर्टशी नाते

पॉप आर्ट ही कलाचळवळ १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये उदयास आली आणि १९६० च्या दशकात अमेरिकेत बहरली. जाहिराती, चित्रपट, चित्रकथा आणि बाजारातील वस्तू हे तिचे विषय होते. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९६२ पासून छायाचित्रावर आधारित स्क्रीनप्रिंटचा वापर केला. अभिनेत्री मेरिलिन मन्रो यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी त्यांनी केलेल्या 'मेरिलिन डिप्टिक' या कृतीत एकच चेहरा पन्नास वेळा येतो. तो चेहरा एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेल्या छायाचित्रातून घेतलेला होता. पुढे १९७२ पासून त्यांनी चीनचे नेते माओ यांचा अधिकृत चेहराही अशाच पद्धतीने छापला.

हुसेन यांची गणना रूढ अर्थाने पॉप कलावंतांत होत नाही. भारतात या विशेषणाने बहुधा मुंबईत जन्मलेले व बडोद्यास स्थायिक झालेले भूपेन खक्कर यांचा उल्लेख होतो. तरीही हुसेन यांच्या जडणघडणीत पॉप आर्टला समांतर असे बरेच काही आहे. अमेरिकन पॉप चित्रकार जेम्स रोझेनक्विस्ट हे न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींचे प्रचंड फलक रंगवीत असत, तर वॉरहॉल हे जाहिरात व्यवसायातील चित्रकार होते. हुसेन यांनी त्यांच्या दोन दशके आधी मुंबईच्या रस्त्यांवर चित्रपटांचे फलक रंगविले होते. लोकांच्या ओळखीची प्रतिमा उचलणे, ती थोडक्या रंगांत बसविणे, तिची पुनरावृत्ती करणे आणि मुद्रणातून तिचा प्रसार करणे ही पॉप आर्टची चारही वैशिष्ट्ये मदर तेरेसा मालिकेत आढळतात.

फरक चेहऱ्याच्या बाबतीत आहे. वॉरहॉल यांच्या मुद्राचित्रांत चेहरा कायम राहतो आणि माणूस मागे पडतो. पन्नास वेळा छापलेला चेहरा अखेरीस वेष्टनावरील चिन्हासारखा भासू लागतो. हुसेन यांनी चेहराच वगळला. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावर न थांबता हातांकडे आणि हातांतील मुलाकडे जाते. प्रसिद्ध व्यक्तीच्या चित्रात प्रसिद्धीचे मुख्य साधनच काढून घेतल्याने व्यक्तीपेक्षा कृती ठळक होते. मालिकेचे वेगळेपण यातच आहे.

साडीचा काठ व्यक्तीची ओळख पटविण्यास पुरेसा आहे, हे हुसेन यांनी चित्रांतून मांडल्यावर अनेक वर्षांनी त्याला कायदेशीर रूपही आले. मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या साडीवरील निळ्या पट्ट्यांची विशिष्ट रचना भारतात व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्यात आली. ही बातमी २०१७ मध्ये सर्वत्र प्रसिद्ध झाली. संघाच्या भगिनींच्या साड्या कोलकात्याजवळील टिटागढ येथील केंद्रात विणल्या जातात व विणणाऱ्यांत कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचा समावेश असतो. चित्रात जी निळी रेघ ओळखीची खूण म्हणून येते, ती प्रत्यक्षात अशा हातांनी विणलेली असते.

अन्वयार्थ

चेहरा नसण्याचे अर्थ अभ्यासकांनी निरनिराळ्या प्रकारे लावले आहेत. पहिल्या मतानुसार, चेहरा वगळल्यामुळे एका विशिष्ट व्यक्तीचे चित्र मातृत्वाचे सार्वत्रिक चित्र होते. पदराखालील रिकाम्या जागी पाहणारा आपल्या आईला पाहू शकतो. दुसरे मत चरित्रात्मक आहे. आईचा चेहरा ज्याला कधीच आठवला नाही, त्या चित्रकाराने जगाची 'मदर' रंगवितानाही ती जागा मोकळीच ठेवली. मराठी रीतीने नऊवारी नेसणारी आई आणि निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतील मदर तेरेसा, या दोन्ही स्त्रिया हुसेन यांच्या चित्रसृष्टीत वस्त्रावरूनच ओळखू येतात. तिसऱ्या मतानुसार, ही निवड विषयाशी सुसंगत आहे. स्वतःकडे लक्ष वेधू न देता सेवा करणे हा ज्या संघाचा आदर्श, त्याच्या संस्थापिकेचे चित्र चेहऱ्याविना असणे उचितच होय.

स्त्रीच्या रूपांचा हा शोध हुसेन यांच्या इतर कामातही चालू राहिला. २००० मध्ये त्यांनी अभिनेत्री माधुरी दीक्षित यांना घेऊन 'गजगामिनी' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यातही एकच स्त्री वेगवेगळ्या काळांत व रूपांत येते.

टीका

मालिकेविषयी काही आक्षेपही घेतले जातात. एक आक्षेप कलाविषयक आहे. एकच रचना इतक्या वेळा व इतक्या माध्यमांत आल्यामुळे ती ठरावीक साच्याची झाली आणि बाजारातील मागणीने या पुनरावृत्तीला हातभार लावला, असे काही टीकाकार मानतात. याउलट, वारंवार त्याच विषयाकडे वळणे ही हुसेन यांची कार्यपद्धतीच होती, हे त्यांच्या घोड्यांच्या चित्रांवरूनही दिसते, असे उत्तर दिले जाते.

दुसरा आक्षेप विषयासंबंधी आहे. मदर तेरेसांच्या कार्यावर त्यांच्या हयातीतच टीका झाली. ब्रिटिश लेखक ख्रिस्तोफर हिचन्स यांनी १९९५ मध्ये त्यांच्यावर कठोर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. मूळचे कोलकात्याचे असलेले डॉक्टर अरूप चटर्जी यांनीही त्यांच्या कार्याची चिकित्सा केली. केंद्रांतील वैद्यकीय सुविधांचा दर्जा, देणग्यांचा विनियोग, दुःखसहनाचे उदात्तीकरण आणि धर्मांतर हे या टीकेतील प्रमुख मुद्दे होते. समर्थकांच्या मते, निर्मल हृदय हे रुग्णालय म्हणून सुरू झालेले नव्हते. ज्यांना कोणीही दारात घेत नव्हते, त्यांना अखेरच्या क्षणी माणसाची सोबत मिळावी हा त्यामागील हेतू होता. मदर तेरेसांचे ५ सप्टेंबर, १९९७ रोजी निधन झाले व ४ सप्टेंबर, २०१६ रोजी कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले. त्यानंतरही हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

हुसेन यांची चित्रे या वादात थेट कोणतीही बाजू मांडत नाहीत. मात्र त्यांच्या चित्रांत मांडीवरील माणूसही बहुधा चेहऱ्याविनाच असतो. गौरव करणाऱ्या चित्रांत गरीब माणूस निमित्तमात्र ठरतो का, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. त्याच वेळी सेवा करणारी व सेवा घेणारा या दोघांनाही एकाच पातळीवर अनाम ठेवून चित्रकाराने त्यांच्यातील अंतर मिटविले, असेही म्हणता येते. चित्र पाहताना विद्यार्थ्यांनी या दोन्ही शक्यता लक्षात घेणे उपयुक्त ठरते.

मुद्राचित्राची पारख

हुसेन यांच्या नावावर बनावट चित्रे व मुद्राचित्रे विकली गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून सेरिग्राफ आणि साधी छापील प्रत यांतील फरक जाणून घेणे आवश्यक असते. ऑफसेट पद्धतीने छापलेल्या भित्तिचित्राकडे भिंगातून पाहिल्यास रंगांचे बारीक ठिपके दिसतात. सपाट रंगांच्या सेरिग्राफमध्ये असे ठिपके नसून शाईचा सलग थर असतो. तिरप्या प्रकाशात तो कागदापासून किंचित उचललेला जाणवतो. स्वाक्षरी व क्रमांक हाताने लिहिलेले आहेत की छापलेले, हेही पाहावे लागते. हुसेन यांची स्वाक्षरी देवनागरी, उर्दू व रोमन अशा वेगवेगळ्या लिप्यांत आढळते, त्यामुळे केवळ लिपीवरून चित्र खरे की खोटे हे ठरत नाही. खरेदीची नोंद व प्रकाशकाचे प्रमाणपत्र यांना अधिक महत्त्व दिले जाते.

शिक्षणातील स्थान

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या चित्रकला विषयात आधुनिक भारतीय कलेचे उदाहरण म्हणून हुसेन यांच्या 'मदर तेरेसा' या चित्राचा समावेश करण्यात आला आहे. राजा रविवर्मा, जामिनी रॉय आणि अमृता शेरगिल यांच्या चित्रांसोबत ते अभ्यासले जाते. त्याच अभ्यासक्रमात सोमनाथ होर, ज्योती भट्ट, अनुपम सूद आणि लक्ष्मा गौड यांची मुद्राचित्रेही असल्याने चित्र आणि मुद्रण यांतील नाते विद्यार्थ्यांना एकत्रित समजून घेता येते.

शाळांमध्ये व्यक्तिचित्र काढायला सांगितले की विद्यार्थी सहसा चेहऱ्यापासून सुरुवात करतात आणि तो साधला नाही तर चित्र फसले असे मानतात. हुसेन यांची ही मालिका त्यांच्यापुढे दुसरी वाट ठेवते. एखाद्या माणसाचे वस्त्र, त्याची बसण्याची ढब आणि त्याच्या हातून घडणारे काम एवढ्यावरूनही त्याचे व्यक्तिचित्र पूर्ण होऊ शकते.